हातोडा हरवलेल्या रेंजरच्या मुलखात

आमच्या माधवनगरात माणूस मिरजेला जाऊन आला तरी चार दिवस हॉटेलात बसून प्रवास सांगतो. मी तर कोयनेच्या खोऱ्यात जाऊन, अस्वलाच्या शेजारी झोपून (मध्ये एक डोंगर होता, पण शेजार तो शेजार) आणि अख्खा वणवा विझवून परत आलोय. तेव्हा मला निदान दोन महिने तरी कुणी गप्प बस म्हणू नये. जे तिकडं गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितोय. जे गेलेत त्यांनी कृपा करून वाचू नये, उगाच चुका काढतील.

मी गिरणीच्या घडी खात्यात आहे. विणून आलेल्या थानांवर शिक्का मारणं हे माझं काम. शिक्का पडला की चिंधीसुद्धा कापड होते, आणि नसला तर पैठणीसुद्धा चोरीची ठरते. या विद्येचा जंगलात उपयोग होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

माझी थोरली बहीण आक्का. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, जंगलखात्यात रेंजर आहेत. दाजींनी आजवर पत्रांतून जेवढे वाघ मारलेत तेवढे खरोखर मारले असते तर सह्याद्रीत मांजरही शिल्लक राहिलं नसतं. शिमगा नुकताच झाला होता आणि आक्काचं पत्र आलं: "असशील तसा निघून ये. यांचं काही खरं नाही. पत्रात लिहिण्यासारखं नाही." मला वाटलं, वाघांनी एकी केली वाटतं. मी रजा टाकली, वडिलांची बाभळीची काठी घेतली आणि निघालो.

उंब्रजच्या पुढं

कऱ्हाडपर्यंत आगगाडीत काहीच घडलं नाही, म्हणून ते सोडून देतो. खरा प्रवास मोटारीनं सुरू झाला. लढाईपायी पेट्रोल मिळेना, म्हणून या मोटारीच्या पाठीला एक कोळशाची भट्टी जोडलेली होती. क्लीनर ती हातपंख्यानं फुलवायचा, भट्टी ठिणग्या उडवायची, आणि मोटार खोकत खोकत निघायची. उंब्रजला ती थांबली ती चहासाठी. उतारूंच्या नाही, मोटारीच्या. म्हणजे तिला पाणी पाजलं, कोळसा चारला, आणि ड्रायव्हरनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

त्यापुढं प्रत्येक चढाला आम्ही सगळे खाली उतरत होतो. रजेवर आलेले तीन शिपाई गाडीत होते. त्यांतला एक म्हणाला, "गड्यांनो, तोफ समजा आन लावा खांदा." आम्ही लावला. मी हिशेब केला तर कऱ्हाड ते पाटण मोटार आमच्या खांद्यावर बसून आली, आम्ही मोटारीत बसून गेलो नाही. तोच शिपाई उतरताना माझ्या हातातल्या काठीकडं बघून म्हणाला, "रेंजरकडं निघालाय न्हवं? मग काठी सदऱ्यात घाला, पाव्हणं."

मी हसलो. नाक्यावर पोचलो आणि हसू मावळलं. जंगलखात्याचा गार्ड तातोबा आडवा बांबू टाकून उभा होता. खाकी सदरा, खाली धोतर, आणि तोंडात तंबाखूची गोळी.

"काठीवर शिक्का कुठाय?"

"काठीवर कसला शिक्का? बाभळीची आहे. सांगलीकडची."

"सांगली सरकारी जंगलात न्हाई, त्ये मला बी ठावं हाय. पर काठी हाय न्हवं? इनाशिक्क्याचं लाकूड म्हंजे चोरीचं लाकूड."

"अरे, मी रेंजरसाहेबांचा मेहुणा!"

तातोबानं गोळी या गालातून त्या गालात नेली. "म्हंजे सायबांच्याच घरात चोर," असं म्हणून त्यानं काठी जप्त केली आणि तीच टेकत टेकत मला ठाण्यावर घेऊन गेला.

ठाणं

ठाणं म्हणजे कौलारू तीन खोल्या, पुढं ओसरी, ओसरीवर दाजी. मिशांना तूप लावून बसले होते, पण मिशांचा रोख खाली होता. मला बघून त्यांनी आधी आपली रोजनिशी पुढं केली. आमच्याकडं पाव्हण्याला पाणी देतात, तिकडं रोजनिशी देतात. तिच्यात जंगलात घडलेला प्रत्येक गुन्हा आणि प्रत्येक संकट लिहावं लागतं, आणि ती वरच्या साहेबांकडं जाते.

मी वाचली. अंगावर काटा आला. "लाकूडचोरांच्या टोळीस सापळा रचून मुद्देमालासह पकडले." "डोहात बुडणाऱ्या इसमास प्राण धोक्यात घालून वाचविले." "सकाळी आठ वाजता अस्वलाचा पाठलाग करून त्यास सरकारी हद्दीबाहेर घालविले."

दाजी आंघोळीला गेले तशी तातोबानं मला त्याच पानांचा अर्थ सांगितला. टोळी म्हणजे वाळक्या काटक्यांच्या मोळ्या घेतलेल्या दोन बायका, त्या तंबाखू मळायला बसल्या तिथंच सापडल्या. बुडणारा इसम दाजी स्वतः; त्यांना म्हशीच्या शेपटीनं वाचवलं.

"आणि अस्वल?"

"पाठलाग झाला ह्ये खरं हाय, पाव्हणं," तातोबा म्हणाला. "फकस्त म्होरं कोण आन मागं कोण, तेवढं लिवायचं ऱ्हाऊन गेलंय."

मग आक्कानं मला चुलीपाशी बोलावून खरं दुखणं सांगितलं. रेंजरला सरकार एक हातोडा देतं. त्याच्या तोंडावर लोखंडी अक्षरं असतात. परवानगीनं तोडलेल्या लाकडावर रेंजरनं तो हाणला की अक्षरं उमटतात, आणि लाकूड कायदेशीर होतं. अख्ख्या खोऱ्यात असा हातोडा एकच. बंदूक हरवली तर सरकार ओरडतं, हातोडा हरवला तर नोकरीच काढून घेतं, कारण तो ज्याच्या हाती पडेल तो सरकार. आणि अस्वलाच्या त्या पाठलागात दाजींच्या कमरेचा हातोडा पडला होता. आज पंधरा दिवस पत्ता नव्हता, आणि चौथ्या दिवशी साहेब तपासणीला यायचे होते.

"आणि हे एवढ्यावर थांबलं नाही," आक्का म्हणाली. "आत ये." आतल्या खोलीत एक नवाकोरा शिसवी पलंग होता. वाऱ्यानं पडलेल्या झाडाचा दाजींनी परवानगी यायच्या आधीच करून घेतलेला. "हातोडा होता तेव्हा म्हणाले, मारू की उद्या शिक्का. आता मारायचा कशानं? जागा गेली तर मी तीन पोरं घेऊन कुठं जाऊ रे?"

कुठं म्हणजे? माझ्या माधवनगरच्या दोन खोल्यांत, दाजींसकट, वाघांसकट. मी त्या क्षणी ठरवलं, हातोडा सापडलाच पाहिजे. भावाचं प्रेम म्हणतात ते हेच.

अस्वलाचा उतार

दुसऱ्या दिवशी दाजी, तातोबा आणि मी अस्वलाच्या उतारावर गेलो. सांगलीकडचा माणूस सपाटीवर वाढलेला. आमच्याकडं सगळ्यात उंच वस्तू म्हणजे पोत्यावर ठेवलेलं हळदीचं पोतं. इथं जमीन भिंतीसारखी उभी, आणि माणसं तिच्यावर पालीसारखी चालतात. करवंदीच्या जाळ्या अशा दाट की माझा सदरा सकाळी निघताना एक होता आणि दुपारी त्याचे चार झाले. अस्वलाच्या पायाचे ठसे परातीएवढे होते. (तातोबा म्हणतो ताटलीएवढे. त्याचं बघणं तोकडं.)

दाजींची टोपी सापडली. एक बूट सापडला. अर्धी तंबाखूची डबीही सापडली. हातोडा नाही.

"लोखंड काय अस्वल खात न्हाई," तातोबा म्हणाला. "कुनीतरी उचलला, सायेब."

दाजी मटकन् दगडावर बसले. कायद्याची भाषा गळून पडली आणि त्यांच्या गावची बोली बाहेर आली. "मेलो गड्या मी," म्हणाले.

वणवा

तिसऱ्या दिवशी दुपारी कड्याखालून धूर उठला. बघता बघता वाळल्या गवतातून आग वर सरकायला लागली. एका अंगाला दाजींनी लावलेली सागाची रोपं, दुसऱ्या अंगाला कड्यावरचा धनगरवाडा. धावत गेलो तर वाड्याची दहा-बारा माणसं आमच्या आधीच तिथं उभी. पण हाताची घडी घालून. पुढं ठकूबाई. पन्नाशीची गवळी धनगरीण, काळी घोंगडी, कमरेला विळा, आणि नजर अशी की आगीनंसुद्धा जरा बाजूनं जावं.

दाजी एका खडकावर चढून ओरडले, "बघताय काय? डहाळ्या तोडा! बडवा!"

"तोडू की," ठकूबाई म्हणाली. "मागल्या साली बी तोडल्या. आग इझली, आन दुसऱ्या दिशी आमच्यावरच खटला. का? तर वल्या डहाळ्या तोडल्या. आठवतंय का सांगू?"

"ती बाब वेगळी होती!"

"येगळी कशी? झाडं तीच, आग तीच, तुमी बी त्येच. आवं, आधी एकेक डहाळीवर शिक्का मारा, मंग बडवतो. आमी कायद्याची मानसं झालो आता."

दाजींचा हात कमरेकडं गेला आणि तिथंच राहिला. "हातोडा घरी आहे."

"कुनाच्या घरी?" ठकूबाईनं विचारलं.

मागची सगळी माणसं हसली. मी शिक्क्यातला माणूस, ते हसू मला लगेच कळलं: हातोडा हरवल्याचं अख्ख्या वाड्याला ठाऊक होतं. दाजींनाही कळलं असावं, कारण ते खडकावरून उतरले. आगीचा फुफाटा तोंडावर यायला लागला होता. त्यांनी टोपी काढली. "ठकूबाई, ह्या वर्षी खटला न्हाई. पोरांची आन."

"पाव्हणं," ती मला म्हणाली, "तुमी ऐकलं. तुमी साक्षीला."

तिनं पदर खोचला आणि पुढचं काम असं झालं की मी अजून त्याच्यावर विचार करतोय. वारा हुंगला, दोन माणसांना वर पाठवलं, आणि आगीच्या वाटेतलं गवत दहा हात रुंद पट्ट्यात आधीच जाळून टाकायला लावलं. बाकीच्यांनी डहाळ्यांनी कडा बडवल्या. आग त्या काळ्या पट्ट्यापर्यंत आली, इकडंतिकडं बघितलं, आणि खायला काही न सापडल्यानं बसली. दाजींनी या वेळात सोळा हुकूम सोडले. त्यांतला एकही कुणाच्या कानावर गेला नाही, म्हणून आग विझली. मीही जिवावर उदार होऊन बडवत होतो. धूर ओसरल्यावर कळलं, मी बराच वेळ तातोबाला बडवत होतो.

धनगरवाडा

घशाला कोरड पडली होती. ठकूबाईनं आम्हाला वाड्यावर नेलं. सांगलीकडं ताक म्हणजे पांढऱ्या रंगाचं पाणी. तिचं ताक पेल्यात ओतताना थांबून थांबून पडत होतं. वर नाचणीची भाकरी, मुठीएवढा लोण्याचा गोळा, हिरव्या मिरचीचा ठेचा. मी किती भाकऱ्या खाल्ल्या ते सांगत नाही. घरी आल्यावर बायकोनं दोन दिवस नुसतं पिठलं वाढलं, तिला कुठून कळलं देव जाणे.

पाचव्या भाकरीच्या वेळी माझी नजर पीठ मळायच्या काठवटीच्या कडेवर गेली. तिथं शिक्का होता. अक्षरं खोल, कडा साफ, एका ठोक्यात मारलेला. मी वर बघितलं: ताकाच्या रवीवर शिक्का. खोपट पेलणाऱ्या मेढीवर शिक्का. दारावर, मुसळावर, नांगरावर, दावणीच्या खुंटावर, कुऱ्हाडीच्या दांड्यावर शिक्का. पाळण्यात एक बाळ झोपलं होतं, पाळण्याच्या चारी पायांवर शिक्का. बाहेर एक म्हैस उभी होती. तिच्या गळ्यातल्या लोढण्यावर शिक्का, आणि ती सरकारी नोकर असल्यासारखी रवंथ करत होती. आमच्या गिरणीत चाळीस माणसं मिळून इतकं नेटकं काम करत नाहीत.

दाजींच्या हातातली भाकरी खाली पडली. "ठकूबाई, हे काय?"

"शिक्का. सरकारी हाय. तुमचाच."

"म्हणजे हातोडा तू..."

"कसला हातोडा? मी म्हशीमागं जात हुते, वरनं येक टोपी आली, मागनं येक बूट आला, मागनं तुमी आला. समदं बघितलं मी." ती माझ्या भाकरीवर आणखी लोणी ठेवत म्हणाली, "पाव्हणं, तुमीच सांगा. माझ्या सासऱ्यानं लावलेली जांभळ. तिची रवी केली तर खटला. मेढ बदलली, खटला. ठेकेदार डोंगर बोडका करून नेतो, त्येच्या वाशांवर ह्ये बसून शिक्के मारत्यात, सकाळपास्नं सांजपातूर. आमच्या रवीवर येक ठोका घाला म्हनलं तर म्हनत्यात, अर्ज करा. सात अर्ज केलं. म्हनलं आता आपलं आपन करावं, सायबाला कशाला तरास?"

दाजींनी पडलेली भाकरी उचलून झटकली. "उद्या साहेब येतात," एवढंच म्हणाले.

"ठावं हाय. हितंच आना त्यास्नी. समदं दाखवा. त्यांनी इचारलं, ह्ये कुनी मारलं, तर म्हनायचं, मी. सायबाच्या म्होरं तुमी म्हनला 'मी', की आमचं लाकूड कायमचं सुटलं. मंग हातोडा तुमच्या घरी चालत येतो. आन न्हाई म्हनला..." तिनं खाली कोयनेच्या डोहाकडं बोट केलं. "लय खोल हाय. तुमास्नी तर ठावंच हाय."

साहेब

साहेब धारवाडकडचे. घोड्यावर बसून आले. मराठी स्वच्छ बोलत, फक्त प्रत्येक वाक्याला मागं 'की' लावत. धनगरवाड्यावर त्यांनी रवी बघितली, मेढी बघितल्या, म्हशीच्या गळ्याशी वाकून लोढणं वाचलं. मग पाळण्यापाशी थांबले आणि दाजींकडं वळले.

"हे सगळं तुम्ही मारलं की?"

चैत्रातलं ऊन होतं, पण दाजींना जो घाम आला तो वेगळ्या कारखान्यातला. ठकूबाई ताक घुसळत होती. रवी थांबली.

"होय साहेब," दाजी म्हणाले. "मी."

रवी पुन्हा सुरू झाली.

"बारा वर्षं नोकरी झाली की माझी," साहेब म्हणाले. "रेंजर लोक मोठ्या झाडांवर शिक्के मारतात, ठेकेदाराकडं चहा पितात आणि घरी जातात. गरिबाच्या पाळण्यापर्यंत कोणी जात नाही की. शाबास. हातोडा बघू तुमचा."

"ठाण्यावर आहे साहेब."

साहेब घोडेवाटेनं निघाले, ती डोंगराला वळसा घालून जाते. आम्ही ठाण्यावर पोचलो तर ठकूबाई सरळ कडा उतरून आमच्या आधीच आक्काच्या चुलीपाशी बसली होती. पुढ्यात लोण्याचं गाडगं. दाजींनी साहेबांना ओसरीवर बसवलं आणि चहा दिला. ठकूबाईनं गाडग्यात कोपरापर्यंत हात घातला आणि आतून हातोडा काढला, असा चकचकीत की मला माझी मिशी त्यात दिसली.

आता पलंग. साहेब दहा पावलांवर, आणि शिक्का तर आवाजाशिवाय बसत नाही. आक्कानं मिरच्या उखळात टाकल्या आणि मुसळ उचललं. मी आत गेलो. तिचं मुसळ पडेल तेव्हा माझा हातोडा पडायचा, असा बेत. पण हातोड्याला पावशेर लोणी. पहिल्याच ठोक्याला तो माझ्या हातातून निसटला आणि पत्र्याच्या ट्रंकेवर जाऊन आदळला. ठाणं हादरलं.

"काय झालं की?" ओसरीवरून आवाज.

"मेलं मांजर!" आक्का ओरडली, आणि तिनं असं कुटायला सुरुवात केली की शेजारच्या गावातल्या लोकांना शिंका आल्या असतील. मी धोतराला हात पुसले, हातोडा धरला आणि आयुष्यातला सगळ्यात सुंदर शिक्का मारला. एकच ठोका, मुसळाच्या बरोबरीनं. गिरणीतल्या लोकांना दाखवायला तो पलंग इथं आणता आला असता तर बरं झालं असतं.

साहेब खोकत आत आले. पलंगाभोवती फिरले. शिक्क्यावरून बोट फिरवलं, आणि बोटाकडं बघितलं. मग हुंगलं. मग माझ्या हातातल्या हातोड्याकडं बघितलं.

"हे काय?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "वंगण, साहेब. लोखंड गंजू नये म्हणून दाजी रोज ताजं लोणी लावतात. अक्षरं कशी उठतात बघा. आमच्या गिरणीतसुद्धा अशी काळजी कुणी घेत नाही."

साहेबांनी पुन्हा बोट हुंगलं, ठकूबाईकडं बघितलं, गाडग्याकडं बघितलं. मग खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते मी सांगू शकत नाही. धारवाडकडची माणसं चेहऱ्यावर काही उमटू देत नाहीत.

परत

निघताना तातोबानं माझी काठी परत केली. मुठीखाली शिक्का होता. "ठकूबाईनं काल मारून ठिवला," तो म्हणाला. "म्हनली, पाव्हणा साक्षीला हुता." आता या काठीला मुंबई इलाख्यात कुणी अडवू शकत नाही. मी मुद्दाम दोन नाक्यांवरून हळू चालून बघितलं.

माधवनगरला येऊन महिना झाला आणि आक्काचं पत्र आलं. दाजींची जागा शाबूत आहे. साहेबांनी हुकूम काढलाय की सगळ्या रेंजरांनी आपापल्या हातोड्यांना आठवड्यातून दोनदा ताजं लोणी लावावं, आणि लोणी जवळच्या धनगरवाड्यावरूनच घ्यावं. दाजी हुकमाचे पक्के. ते रोज लावतात. फक्त, आक्का लिहिते, त्या वासानं अस्वल आता उतार सोडून ठाण्यापर्यंत येतं. मागच्या मंगळवारी दाजींनी पुन्हा एकदा त्याचा पाठलाग केला. टोपी सापडली, दोन्ही बूट सापडले.

हातोडा अजून सापडला नाही. पण खालच्या वाडीतल्या लोकांनी आपापले नांगर, पाळणे आणि मुसळं धुऊनपुसून अंगणात मांडून ठेवलीत, आणि ठकूबाई सकाळीच गाडगं घेऊन तिकडं उतरलीय.

मी रजेचा अर्ज केलाय. एवढे शिक्के, तिला एकटीला कसे उरकणार?